हात समोरून यावा

मराठी भाषेने सरड्याला फारसे चांगले वागवलेले नाही. शब्द फिरवणाऱ्या माणसाला आपण सरड्यासारखा रंग बदलणारा म्हणतो आणि ज्याची झेप तोकडी, त्याची धाव सरड्यासारखी कुंपणापर्यंतच म्हणून त्याला हिणवतो. घोरपडीच्या वाट्याला निदान गडाच्या कड्याला चिकटून राहिल्याची एक दंतकथा तरी आली. सरड्याच्या वाट्याला मात्र केवळ मुलांनी मारलेले दगड आले. आम्हीही याच भाषेत आणि याच बालपणात वाढलो. म्हणून स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘शाळा सोडल्यानंतर जे शिकलात, त्यातले काही लिहून पाठवा’ असे पत्र धाडले, तेव्हा एका जखमी सरड्याच्या शुश्रूषेविषयी लिहावे की लिहू नये, या विचारात आमचे दोन आठवडे गेले. आमच्या बरोबरीच्या मित्रमैत्रिणींनी शाळा काढल्या, न्यायालये गाजवली, गावातल्या पाण्याचे प्रश्न सोडवले. त्यांच्या लेखांच्या पंक्तीला हा लेख बसेल की नाही, हे आम्ही वाचकांवर सोपवतो.

आम्ही म्हणजे पतिपत्नी. दोघेही याच शाळेचे विद्यार्थी, याच अंगणाच्या दोन टोकांच्या वसतिगृहांत वाढलेले. गेली काही वर्षे आम्ही ऑस्ट्रेलियात, सिडनी शहराच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. आमच्यापैकी एक रुग्णालयात परिचारिका आहे, दुसरा रेल्वेच्या कार्यशाळेत काम करतो. घरात दहा वर्षांची लेक आहे, आणि ज्या वर्षीची ही हकिगत आहे त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातून आई सहा महिन्यांसाठी आलेली होती.

ज्या प्राण्याविषयी लिहायचे आहे, त्याला इंग्रजीत ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात, म्हणजे दाढीवाला सरडा. शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रखरखीत, विरळ झुडपांच्या प्रदेशात तो राहतो. शेपटीसकट लांबी साधारण हातभर, अंग चपटे, कडेला मऊ काट्यांच्या रांगा आणि गळ्याखाली काटेरी पोळी. घाबरला किंवा चिडला की ही पोळी फुगवतो आणि ती काळीकुट्ट होते, म्हणून दाढी. स्वभावाने हा प्राणी शांत, त्यामुळे जगभर लोक तो घरी पाळतात. गंमत अशी, की ऑस्ट्रेलियातून स्थानिक वन्यजीवांच्या व्यापारी निर्यातीला कायद्याने बंदी आहे. युरोप-अमेरिकेतल्या घरांत दिसणारे हे सरडे तिकडेच पिंजऱ्यात जन्मलेल्या पिढ्यांमधले असतात. खुद्द न्यू साउथ वेल्समध्येही रानातून तो उचलून आणता येत नाही, आणि पिंजऱ्यात जन्मलेला पाळायचा तरी सरकारी परवाना काढावा लागतो.

आम्ही तो परवाना काढला होता, पण हौसेने नव्हे. आमच्या शेजारी एकटे राहणारे एक वृद्ध गृहस्थ होते. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केलेली, पत्नी जाऊन बरीच वर्षे झालेली. त्यांच्याकडे ‘बर्ट’ नावाचा सात वर्षांचा दाढीवाला सरडा होता. हात थरथरू लागले, दोनदा न्हाणीघरात पडले, तेव्हा वृद्धाश्रमात जाण्याचे ठरले आणि तिथे सरड्याला जागा नव्हती. त्यांनी आमच्या लेकीला विचारले, लेकीने आम्हाला. मार्च महिन्यातल्या एका रविवारी बर्टला आमच्याकडे आणायचे ठरले. त्याच्या आदल्या दिवशी सामान आवरायला आलेल्या एका नातलगाबरोबर आलेला कुत्रा खोलीत शिरला आणि पिंजऱ्याबाहेर उन्हात बसलेल्या बर्टला त्याने तोंडात धरले. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा म्हातारबाबा जमिनीवर बसले होते. मांडीवर टॉवेल होता, टॉवेलात बर्ट होता आणि त्याची दाढी शाईसारखी काळी झाली होती. वृद्धाश्रमाची गाडी सोमवारी सकाळी येणार होती. त्यांनी टॉवेल आमच्या हाती दिला आणि एवढेच म्हणाले, “दर रविवारी मी फोन करीन.”

परक्या जातीच्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. उजव्या मांडीचे हाड मधोमध मोडलेले होते, पण टोक कातडीबाहेर आलेले नव्हते. कुशीत दातांच्या चार खोल जखमा होत्या. शेपटीचे टोक चिरडून निकामी झाले होते. पालीची शेपटी तुटली तर पुन्हा फुटते. दाढीवाल्या सरड्याला ती सोय नाही, गेली ती गेली. डॉक्टरीणबाईंनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, त्याला वेदनारहित मरण द्यावे. दुसरी, पाय काढून टाकावा. तीन पायांवर असे सरडे नीट जगतात. तिसरी, शेपटीचे टोक कापून पाय बांधून ठेवावा आणि हाड सांधण्याची वाट पाहावी. ही वाट सर्वांत लांबची आणि घरच्या माणसांच्या कष्टाची होती. सरपटणाऱ्या प्राण्यांचे हाड माणसापेक्षा फार सावकाश जुळते, आणि कुत्र्याच्या दाताची जखम आत पिकली तर हाडाची वाट पाहण्याची वेळच येत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

इथे एक प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही, कारण तो आम्हाला आमच्याच नात्यातल्या माणसांनी विचारला. एका सरड्यासाठी एवढा खर्च? तेवढ्या रकमेत गावाकडच्या एखाद्या मुलाचे वर्षभराचे पुस्तकांचे आणि राहण्याचे भागले असते. आम्ही दोघेही अशाच कोणाच्या तरी देणगीवर शिकलो, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला जड गेला. त्याचे हिशेबी उत्तर आमच्याकडे नव्हते आणि आजही नाही. एवढेच सांगतो, की गावाकडे जाणारे पैसे त्या वर्षीही ठरल्याप्रमाणे गेले आणि नाताळच्या सुट्टीत समुद्रकिनारी जायचे होते, ते आम्ही गेलो नाही. ज्याने विश्वासाने एक जीव आपल्या ओंजळीत ठेवला, त्याला पुढच्या रविवारी फोनवर काय सांगायचे, हा प्रश्न आमच्यापुढे त्या वेळी अधिक मोठा होता. आम्ही तिसरी वाट धरली.

शेपटीचे टोक काढले गेले. मोडका पाय सरळ करून शेपटीच्या मुळाशी पट्टीने बांधला. सरड्याच्या मागच्या पायाला शेपटी हीच खपची. त्याच्यासाठी वाळू नाही, फांदी नाही, नुसता कागद अंथरलेला एक मोठा प्लास्टिकचा डबा तयार झाला, कारण जखमेत वाळू जाता कामा नये आणि मोडक्या पायाने चढता कामा नये. आणि मग आमचे खरे शिक्षण सुरू झाले.

आजाऱ्याला काहीतरी खाऊ घालावे, ही आपल्याकडच्या मायेची पहिली ऊर्मी. आईने पहिल्याच सकाळी लाल भोपळ्याचा कीस करून आणला. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावले होते, की आधी ऊब, मग पाणी, आणि अन्न सर्वांत शेवटी. सरड्याचे शरीर स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करत नाही. ती त्याला सूर्याकडून किंवा तापलेल्या दगडाकडून घ्यावी लागते. अंग थंड असताना पोटात अन्न गेले तर ते पचत नाही, आतच नासते. थंड अंगात औषध नीट पसरत नाही, जखम भरत नाही, रोगाशी लढणारी शक्ती जागी होत नाही. म्हणून डब्याच्या एका टोकाला दिव्याखाली 40 अंशांच्या आसपासची ऊब आणि दुसऱ्या टोकाला 25 अंशांची सावली, म्हणजे त्याला हवे तिकडे त्याने सरकावे. रात्री उजेड न देणारे सिरॅमिकचे हीटर. उष्णता या प्राण्याच्या जीवनात किती खोलवर गेली आहे याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. अंडी 32 अंशांहून अधिक तापमानात उबली तर जनुकांनी नर ठरलेली पिल्ले मादी होऊन जन्मतात; रानातल्या सरड्यांतही असे घडते, हे 2015 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. ज्याच्या जन्माची दिशा ऊब ठरवते, त्याचे बरे होणेही ऊबच ठरवणार.

औषधाचेही तसेच. प्रतिजैविकाचे इंजेक्शन दर 72 तासांनी द्यायचे होते. आमच्यातल्या परिचारिकेला हे प्रथम खरे वाटेना, कारण हेच सेफ्टाझिडिम रुग्णालयात माणसांना ती दर 8 तासांनी देते. सरड्याचे शरीर सावकाश चालते, औषधही सावकाश सोडते. सुई टोचायची तीही पुढच्या अर्ध्या अंगात, खांद्याजवळ. कारण मागच्या अर्ध्या अंगातले रक्त हृदयाकडे परतताना मूत्रपिंडांतून जाऊ शकते आणि औषध आपले काम करण्याआधीच बाहेर पडू शकते. वीस वर्षे माणसांची शुश्रूषा केलेल्या हाताला सर्व काही नव्याने शिकावे लागले. दया आमच्याकडे पुरेशी होती. पण त्याचे शरीर कोणत्या नियमाने चालते हे ठाऊक नसते, तर ती दया त्याच्या काय कामाची होती?

आणि हे शरीर बोलत होते. मघाशी ज्या रंगबदलाला आपण ढोंगाची उपमा देतो असे म्हटले, तोच रंग त्या दिवसांत आमचा सर्वांत विश्वासाचा साक्षीदार ठरला. सकाळी अंग गार असताना बर्ट गडद होई, कारण गडद रंग ऊब लवकर शोषतो. ऊब मिळाली की फिकट, वाळूच्या रंगाचा होई. दुखले, घाबरला, की दाढी काळी पडे. वेदनाशामकाची मात्रा पुरेशी आहे की नाही हे आम्ही दाढीकडे पाहून ओळखू लागलो. माणूस चेहऱ्यावर हसू आणून दुखणे लपवतो. रुग्णालयात ते रोज दिसते. सरड्याला रंग लपवता येत नाही. आमच्या म्हणीतला सरडा आणि डब्यातला सरडा यांची गाठ कधी पडलीच नव्हती, असे वाटू लागले.

पहिले दहा दिवस दाढीचा काळेपणा जाईना. औषध वेळेवर होते, ऊब मोजलेली होती, जखमा सुकत होत्या. तरी आमचा हात डब्यात गेला की बर्ट अंग चपटे करी, तोंड उघडी आणि बांधलेल्या पायासकट मागे सरकू पाही. अशा धडपडीत हाड हलण्याचा धोका होता. आम्ही हातमोजे बदलले, साबण बदलला, आवाज हळू केला. शेवटी उपाय सापडला तो आईला. बाजूला भोपळा किसत बसलेल्या आईने एका संध्याकाळी विळी थांबवली आणि म्हणाली, “असा वरतून काऊन हात घालता त्याच्यावर? घारीवानी वाटत असन त्याले. कोंबडीचं पिल्लू बी भेते ना तसं. खाली बसा अन् समोरून जा.”

आम्ही खाली बसलो. डब्याचा पुढचा कठडा काढून टाकला. हात जमिनीलगत, बोटे मिटलेली, त्याला दिसेल असा दुरून सरकवला आणि थांबवला. बर्टने तोंड उघडले नाही. तिसऱ्या दिवशी दाढीचा काळेपणा गळ्याच्या मध्यापुरता उरला.

नंतर डॉक्टरीणबाईंना विचारले तेव्हा त्यांनी बर्टच्या डोक्यावरचा, दोन डोळ्यांच्या मध्ये पण जरा मागे असलेला, एक बारीक फिका ठिपका दाखवला. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला आकृती दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. दिवसाचे मान त्यावरून समजते आणि वरून काही आले तर सावली समजते. ज्या मोकळ्या मैदानी प्रदेशात हा प्राणी घडला, तिथे वरून येते ती शिकारी पक्ष्याची झडप. म्हणजे आमचा औषधाचा हात दर वेळी शिकाऱ्याच्या वाटेने येत होता. हाताच्या मनात काय आहे, हे त्या डोळ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्याला फक्त सावली कळत होती. आईने हे कोणत्याही पुस्तकाशिवाय, आयुष्यभर राखलेल्या कोंबड्यांवरून ओळखले होते.

त्या रात्री आम्हा दोघांनाही शाळेची आठवण झाली, आणि दोघांना एकाच माणसाची झाली. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मावशी आमच्या काळातल्या सर्वांना आठवत असतील. पावसाळ्यात तापाची साथ आली की आजाऱ्यांच्या खोलीत सात-आठ मुले असत. पाहायला येणारे पुष्कळ. उभ्याउभ्या विचारपूस करून, कपाळाला वरून हात लावून जाणारे. मावशी मात्र पेजेची वाटी घेऊन येत आणि खाटेशेजारी जमिनीवर बसत. मग तोंड आपल्या तोंडासमोर येई. “घोटभर घे,” एवढेच म्हणत आणि वाटी पुढे धरून थांबत. घरापासून शंभर कोस दूर असलेल्या, अपरिचितांच्या दयेवर शिकणाऱ्या मुलाला वरून आलेला हात आणि समोरून आलेली वाटी यांतला फरक कळतो. तो शब्दांत मांडायला मात्र बरीच वर्षे लागतात. मदत घेणे सोपे नसते. ती कोणत्या उंचीवरून येते यावर, घेणाऱ्याने मान वर ठेवायची की खाली, हे ठरत असते. मावशींच्या हातून पेज पिताना आम्हाला मान खाली घालावी लागली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बर्टला पिचकारीने पातळ अन्न भरवावे लागले. आल्या दिवशी 362 ग्रॅम असलेले वजन 318 वर आले होते. आम्ही रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याला ठेवत होतो आणि लेक वहीत आकडा लिहीत होती. रविवारचा फोन आला की म्हातारबाबा पहिल्यांदा तोच आकडा विचारत. आकडा उतरला की पलीकडे क्षणभर शांतता पसरे. चौथ्या रविवारी अंगणातल्या जास्वंदीचे एक लाल फूल लेकीने जमिनीलगत धरून डब्याच्या तोंडाशी ठेवले. बर्टने मान तिरकी केली, बराच वेळ पाहिले, आणि एक पाकळी ओढून खाल्ली, मग दुसरी. आईने त्याच दिवशी त्याचे नाव ‘बर्टोबा’ करून टाकले. सरड्याला ओबा लावणारी ती पहिलीच असावी. फोनवर आम्ही आकड्याच्या आधी फुलाची बातमी दिली.

दुसऱ्या तपासणीच्या वेळी एक्स-रेत एक गोष्ट पुढे आली. मोडलेल्या ठिकाणी हाड जुळू लागले होते, पण इतर हाडेही असायला हवीत तितकी दाट दिसत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दिव्याची चौकशी केली. पिंजऱ्यासोबत आलेली अतिनील किरणांची नळी अजून चांगली पेटत होती. तिच्यावरच्या तारखेवरून ती तीन वर्षांपूर्वीची निघाली. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सरड्याच्या कातडीवर अतिनील-ब किरण पडले, की शरीर ड-3 जीवनसत्त्व तयार करते, आणि ते असेल तरच पोटातले कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, कारण साधी काच हे किरण अडवते. नळीतून येणारे हे किरणही कालांतराने मंदावतात, म्हणून नळी सहा महिन्यांनी ते वर्षाने बदलावी लागते. अडचण अशी, की किरण मंदावले तरी नळीचा डोळ्यांना दिसणारा उजेड तसाच राहतो. दिवा पेटलेला दिसतो आणि त्यातले देणे संपलेले असते.

आम्ही नवी नळी आणली, तिच्यावर शाईने तारीख घातली, भाजीवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरू लागलो. पालक बंद केला, कारण त्यातले ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते. पण रविवारी फोनवर काय सांगायचे, यावर आम्ही दोघे रात्री उशिरापर्यंत बोललो. सात वर्षे ज्याने त्या प्राण्याला जिवापाड सांभाळले, त्याला वृद्धाश्रमातल्या खोलीत एकटे असताना ही बातमी द्यायची? फोनवरून? ती बातमीही वरून पडलेली सावलीच झाली असती. “हाड जुळते आहे, आणि आम्ही नवा दिवा लावला आहे,” एवढे आम्ही सांगितले. त्यात खोटे काही नव्हते.

जूनच्या सुरुवातीस पट्टी सुटली. पाय बाहेरच्या बाजूला किंचित वाकडा जुळला आहे आणि तसाच राहील. पण त्यावर भार पेलतो. मग जुलैची थंडी आली. आमच्या भागात रात्रीचे तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते. डबा उबदार असूनही बर्टोबा एके दिवशी खायचा थांबला आणि कोपऱ्यात डोळे मिटून पडून राहू लागला. आमचे धाबे दणाणले. डॉक्टरीणबाईंनी जखमा तपासल्या, हाड तपासले, वही पाहिली आणि म्हणाल्या, की वजन स्थिर आहे तोवर त्याला झोपू द्या. हा आजार नव्हे, ऋतू आहे. रानात हे सरडे थंडीत असेच निपचित होतात. काहीतरी करत राहणे म्हणजे सेवा, ही आमची समजूत त्या पाच आठवड्यांत मोडली. दर आठवड्याला एकदा वजन, रोज ताजे पाणी, आणि बाकी हात आवरणे. हा हात आवरणे आम्हाला इंजेक्शनपेक्षा अवघड गेले. ऑगस्टअखेर एका सकाळी तो दिव्याखाली येऊन बसलेला दिसला, वजन 347. दाढी फिकी, वाळूच्या रंगाची. दरम्यान आई गावी परतली होती, तिला फोन केला तर म्हणाली, “मंग? म्या काय सांगितलं होतं?” तिने नेमके काय सांगितले होते हे आम्ही विचारले नाही.

हे वाचून शाळेतल्या मुलामुलींनी सरडा किंवा घोरपड पकडून खोलीत आणू नये, म्हणून दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. आमच्याकडे होता तो पिंजऱ्यात जन्मलेला, परवान्याचा प्राणी. आपल्याकडची घोरपड, चांदणी कासव किंवा अजगर हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पाळणे गुन्हा आहे. शाळेच्या आवारात किंवा रस्त्यावर असा प्राणी जखमी दिसला, तर कुत्र्यांना आणि गर्दीला दूर ठेवावे, त्याच्यावर वरून झडप घालू नये, अन्नपाणी तोंडात कोंबू नये, आणि शिक्षकांमार्फत महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. कधी कधी शुश्रूषेचा सर्वांत चांगला प्रकार म्हणजे जाणकार येईपर्यंत चार पावले दूर उभे राहून राखण करणे.

ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिकडच्या वसंतात, वृद्धाश्रमाची परवानगी घेऊन आम्ही बर्टोबाला म्हातारबाबांच्या भेटीला नेले. सात महिन्यांत ते बरेच वाळले होते आणि आता बहुतेक वेळ खाटेवरच असत. आम्ही खोलीत शिरलो तेव्हा दोन कर्मचारी त्यांची उशी नीट करत होत्या, मायेनेच. पण त्यांच्या चेहऱ्यावर वाकून, मोठ्याने बोलत. म्हातारबाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्या गेल्या. आम्ही खुर्च्या ओढल्या नाहीत. खाटेशेजारी जमिनीवर बसलो आणि बर्टोबाला चादरीच्या कडेला ठेवले.

त्यांनी थरथरता हात चादरीवर उताणा ठेवला, त्याच्यापासून वीतभर अंतरावर, आणि वाट पाहिली. कोणी त्यांना ते शिकवलेले नव्हते. सात वर्षे ते असेच करत आले असणार. बर्टोबाने मान तिरकी केली. मग पुढचे पाय, मग डावा, मग तो वाकडा उजवा, असे करत तो तळहातावर चढला आणि पोट टेकून बसला. हात थरथरत होता, सरडा नव्हता. दाढी फिकीच राहिली.

बऱ्याच वेळाने म्हातारबाबांनी विचारले, “जुना दिवा गेलेला होता ना?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. ते म्हणाले, “तुम्ही नवा लावला म्हणालात, तेव्हाच कळले. मी रोज पाहायचो. पेटत होता.”

“पेटतच होता,” आम्ही म्हणालो. “त्यातले जे संपते ते माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. आम्हालाही दिसले नाही. तारीख वाचली तेव्हा कळले. सात वर्षे तो तुमच्यापाशी जगला म्हणून तर हाड जुळण्याइतके उरले होते.” हे आम्ही त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून सांगू शकलो, याचे आम्हाला आजही समाधान वाटते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने त्यांनी बर्टोबाच्या हनुवटीखाली, दाढीच्या काट्यांवरून, समोरून हलकेच फिरवले.

बर्टोबा अजून आमच्याकडे आहे. चालताना उजवीकडे किंचित झुकतो; वजन 390 ग्रॅमच्या आसपास असते. रविवारचा फोन अजून येतो. आता म्हातारबाबा आकड्याआधी नळीवरची तारीख विचारतात आणि लेक ती वाचून दाखवते.